अ‍ॅम्प्लिफायर आतून कसा बांधलाय, याने खरंच फरक पडतो का?

शेंगाचटणी

सोलापूर, अक्कलकोट रोडची बाजू. सेकंडहँड इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाय, बजेट सव्वा ते दीड लाख. दोन नग समोर आहेत. पहिला १८ किलोचा, क्लास एबी (जुन्या पद्धतीचा, जास्त तापणारा). पुढची प्लेट बोटभर जाड, आत मोठा गोल ट्रान्सफॉर्मर, चार मोठे कॅपॅसिटर (वीज साठवणारे डबे), वायरी रांगेत बांधलेल्या. दुसरा ५ किलोचा, क्लास डी (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करणारा, कमी तापणारा). त्याचा झाकण काढलेला फोटो ग्रुपवर टाकला तर लगेच उत्तर आलं, "बे, यात काहीच नाही, अर्धा डबा रिकामा!" दोन्हींची पॉवर सारखीच, ८ ओमला १०० वॉटच्या आसपास. किंमतही जवळपास तीच.

आतल्या बांधणीचा आवाजाशी किती संबंध? आणि आपल्या गावच्या उन्हात, धुळीत, व्होल्टेजमध्ये कोणता टिकेल?

डेसिबल

आवाजाशी संबंध फार कमी. कानापर्यंत जे पोचतं ते फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, डिस्टॉर्शन, नॉइज आणि आउटपुट इम्पीडन्स यांवर ठरतं. हे चारही बाहेरून मोजता येतात, झाकण उघडावं लागत नाही.

एनएडी कंपनीच्या ३०२० चं उदाहरण बघा. १९७८ चं मॉडेल, कागदावर २० वॉट, पातळ पत्रा, प्लास्टिकची बटणं. त्याचा आतला फोटो कोणी कौतुकाने शेअर करणार नाही. तरी त्याचं नाव अजून निघतं, कारण पैसा दिसण्यावर न घालता अवघड स्पीकरला क्षणभर जास्त करंट देण्यावर घातला होता. उलट उदाहरण २०१० चं. लेक्सिकॉनचा बीडी-३० हा ३,५०० डॉलरचा ब्ल्यू-रे प्लेअर उघडला, तर आत ४९९ डॉलरचा ओप्पो बीडीपी-८३ निघाला, तोही त्याच्या मूळ पत्र्याच्या सांगाड्यासकट. बाहेरून भारदस्त डबा, मोजमाप तेच.

क्लास डी मॉड्यूल तळहाताएवढं असतं. डबा मोठा ठेवतात तो मागचे सॉकेट बसावेत आणि बाकीच्या उपकरणांच्या रांगेत शोभावा म्हणून. रिकामी जागा म्हणजे फसवणूक नव्हे.

ओहमकार

डेसिबल यांचं म्हणणं पहिल्या दिवसापुरतं खरं आहे. नवा नग टेबलावर मोजला तर आतली वायर सरळ की वाकडी हे मीटरला कळत नाही. प्रश्न सातव्या वर्षाचा आहे, आणि तो सोलापुरातला आहे.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरपासून सुरुवात करू. त्याच्या अंगावर ८५ किंवा १०५ डिग्री छापलेलं असतं आणि डाटाशीटमध्ये तास दिलेले असतात, समजा २,००० तास. म्हणजे त्या तापमानाला तो इतके तास टिकेल. तापमान दर १० डिग्रीने उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. आता मे महिन्यातली दुपार धरा. बाहेर ४२-४३, पंख्याच्या खोलीत ३८, बंद डब्यात त्यावर २० आणि हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांना) चिकटून असेल तर आणखी ७-८. कॅपॅसिटर ६५ डिग्रीला बसला. १०५ वाला चार पायऱ्या खाली, म्हणजे ३२,००० तास. ८५ वाला दोनच पायऱ्या खाली, ८,००० तास. रोज पाच तास चालवला तर पहिला साडेसतरा वर्षं, दुसरा साडेचार वर्षं. दोघांच्या किमतीत फार तर काही रुपयांचा फरक. (बारमाही मे नसतो हे मान्य, पण गुणोत्तर तेच राहतं.)

युरोपातली कंपनी आपला नग २३-२५ डिग्रीच्या खोलीत तापवून बघते. आपल्याकडे त्यावर १५ डिग्री चढले की तिने धरलेलं आयुष्य पावणेतीन पट कमी होतं. म्हणून मी फोटोत आधी कॅपॅसिटर कोणत्या कंपनीचा ते बघतच नाही, तो कुठे उभा केलाय ते बघतो. हीटसिंकपासून दोन बोटं तरी लांब, आणि पाच-दहा वॉटच्या पांढऱ्या सिमेंट रेझिस्टरला चिकटलेला नको. निचिकॉन या नावाजलेल्या कंपनीचा सोनेरी कॅपॅसिटर गरम रेझिस्टरला टेकवलेला असेल, तर त्या सोनेरी रंगाचा काही उपयोग नाही.

कॅपॅसिटर मरतो म्हणजे फुटतोच असं नाही. आधी त्याचा ईएसआर (आतला रोध) वाढतो, मग क्षमता घटते. कानाला काय कळतं? १०० हर्ट्झची भुणभुण आणि जोरात वाजवल्यावर बेस ढिला पडणं. इथे आवाजाचा संबंध आला की नाही?

डेसिबल

कॅपॅसिटरच्या जागेचा मुद्दा मान्य. पण तो सुबकपणाचा मुद्दा नाही, डिझाइनचा आहे. वायरी झिप-टायने रांगेत बांधल्या म्हणून कॅपॅसिटर थंड होत नाही. उलट इनपुटची वायर ट्रान्सफॉर्मरच्या वायरीसोबत एका जुडीत सुंदर बांधली, की ५० हर्ट्झचा हम (भुणभुण) हमखास. विस्कटलेली दिसणारी पण लांबून फिरवलेली वायर चांगली.

आणि "चार मोठे कॅपॅसिटर" याचंही गणित करून बघा. आपल्याकडे ५० हर्ट्झ, ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडनंतर) १००. १०,००० एमएफडीच्या (मायक्रोफॅरडच्या) कॅपॅसिटरवर २ अँपिअर लोड असेल तर रिपल (डीसीवर उरलेली लाट) होतो २ व्होल्ट. बऱ्या सर्किटमध्ये त्यातला हजारावा भाग आउटपुटला पोचतो, म्हणजे २ मिलिव्होल्ट, आणि तोही पूर्ण जोरात वाजत असताना, जेव्हा तो ऐकू येणं शक्य नाही. १०,००० चे ४०,००० केले तर फोटो भारी येतो आणि चालू करतानाचा झटका वाढतो. एवढंच.

ओहमकार

झटक्याचं बरोबर. म्हणूनच ३०० व्हीएच्या वरचा टोरॉइड (गोल ट्रान्सफॉर्मर) आणि एवढे कॅपॅसिटर असतील तर आत सॉफ्ट-स्टार्ट हवा: थर्मिस्टर, किंवा रेझिस्टर आणि त्याला बायपास करणारा रिले. तो नसेल तर चालू करताना घरातला एमसीबी अधूनमधून पडतो, नाहीतर मुख्य स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडत जातात. मग कोणीतरी फ्यूज मोठा घालतो, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जातो. मागे टी५ए लिहिलं असेल तर टी म्हणजे उशिरा उडणारा. त्या जागी एफ घातला तर विनाकारण उडत राहील. तांब्याची तार घालणाऱ्यांशी बोलण्यात अर्थ नाही.

पूर्वभाग

पूर्व भागात, यंत्रमागांच्या मधोमध घर असेल तर वरच्या चर्चेला दोन गोष्टी जोडा. एक सुताची धूळ, दुसरी लाईट.

सुताची धूळ साध्या मातीसारखी झटकून जात नाही. तंतू एकमेकांत अडकून हीटसिंकच्या पात्यांमध्ये पातळ चादर विणली जाते आणि हवा थांबते. पाती उभी आणि एकमेकांपासून किमान ८-१० मिलिमीटर लांब असतील तर मऊ ब्रशने साफ होतात. आडवी, दाट पाती किंवा आत छोटा पंखा असेल तर दर तीन महिन्यांनी उघडावं लागेल. पंखेवाला नग या भागात घेऊच नये. पंखा धूळ ओढतो, बेअरिंग भरतं, पंखा थांबतो, आणि त्याच्या भरवशावर छोटा ठेवलेला हीटसिंक तापून ट्रान्झिस्टर जातात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो जोरात फिरून बेअरिंग खराब होतं.

खालच्या पत्र्याला भोकं आहेत का हेही बघा. गरम हवा वरून बाहेर पडायची तर खालून गार हवा आत यायला हवी. नुसती वर जाळी ठेवून उपयोग नाही. चांगला बांधलेला नग असला तरी पाय बुटके असतील आणि खाली सोलापुरी चादर अंथरून ठेवला तर ती भोकं बंद. फळीवरच ठेवा, वर १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा.

लाईटचं सांगायचं तर मागांच्या मोटारी सकाळी एकदम चालू होतात तेव्हा व्होल्टेज दबतं, आणि रात्री माग बंद झाल्यावर चढतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आतलं डीसी त्याच प्रमाणात वरखाली होतं. २३० ला ४५ व्होल्टची रेल (म्हणजे ते आतलं डीसी) असेल तर २५० ला ती ४९ होते. आत ५० व्होल्टचे कॅपॅसिटर बसवले असतील तर काठावर बसलेत. ६३ चे हवेत. कॅपॅसिटरवर छापलेलं व्होल्टेज आणि रेलचं व्होल्टेज यांत २५ टक्के तरी फट हवी. फोटोवरून कळणारी यापेक्षा उपयोगी गोष्ट मला ठाऊक नाही.

शेंगाचटणी

व्वा, इतकं बारीक कोणी सांगितलं नव्हतं. स्टॅबिलायझर लावला तर? आणि घरात इन्व्हर्टर आहे, त्यावर चालेल का?

पूर्वभाग

स्टॅबिलायझर रिलेवाला नको. टप्पे बदलताना क्षणभर लाईट तुटते, दर वेळी स्पीकरमध्ये टक् होतं. सर्व्होवाला चालेल, पण त्याचा कार्बन ब्रश दोन-तीन वर्षांनी बघावा लागतो. व्होल्टेज २१० ते २५० मध्ये राहत असेल तर काहीच लावू नका.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असेल तरच. स्क्वेअर वेव्हवर टोरॉइड गुरगुरतो आणि तापतो.

फेजन्यूट्रल

टोरॉइड गुरगुरण्याचं दुसरं कारण इथे यायला हवं, कारण "ट्रान्सफॉर्मर हलका बसवलाय, बांधणी भिकार" असा आरोप यावरून फार होतो. लाईनमध्ये अर्धा व्होल्ट डीसी आलं तरी टोरॉइडचा गाभा एका बाजूला सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने पुरता भरतो), कारण त्यात हवेची फट नसते. डीसी येतं कुठून? हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर ठेवला की त्यात एक डायोड मध्ये येतो आणि तो अर्धीच वेव्ह ओढतो. शेजारचं कोणी वापरत असलं तरी पुरतं. गुरगुर ठरावीक वेळी येत-जात असेल तर दोष बहुधा लाईनचा, ट्रान्सफॉर्मरचा नव्हे. उपाय म्हणजे डीसी ब्लॉकर: दोन मोठे इलेक्ट्रोलिटिक उलट-सुलट जोडून त्यांना समांतर ब्रिजचे डायोड. काही महाग नगांत तो आतच दिलेला असतो. पैसा बरोबर जागी गेल्याची ती खूण.

आता अर्थिंग. तीन पिनांचा नग असेल तर मागच्या सॉकेटमधली हिरवी-पिवळी वायर थेट चॅसिसला स्क्रू, दातेरी वॉशर आणि नटने घट्ट हवी, आणि त्या जागचा रंग खरवडलेला हवा. रंगावरच स्क्रू मारलेला महागड्या नगांतही दिसतो. मीटर ओमवर ठेवून प्लगच्या अर्थ पिनपासून डब्याच्या उघड्या स्क्रूपर्यंत मोजा. वायरीसकट अर्ध्या ओमच्या आत यायला हवं. हम येतो म्हणून अर्थ पिन कापणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे. तो जीव घेणारा आहे. हम ग्राउंड लूपचा (उपकरणांच्या वेगवेगळ्या अर्थवाटांमुळे) असेल तर सगळी उपकरणं एकाच पट्टीवर घ्या, किंवा सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. चॅसिसची अर्थ सोडवायची नाही.

घरच्या बोर्डवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा बघा. आपल्याकडची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठक्क पडते. पाणी घातल्यावर आकडा उतरत असेल तर इलेक्ट्रोडच खोल न्यायला हवा.

जुनाबाजार

सेकंडहँड आहे म्हणताय, तर माझं सगळं लक्ष विकणाऱ्यावर. मालक, आधी त्याच्याकडून पाच फोटो मागा: वरून पूर्ण, ट्रान्झिस्टर हीटसिंकला बसतात ती जागा, बोर्डची खालची बाजू, फ्यूज, आणि मागची रेटिंगची पट्टी.

पट्टीपासून सुरू करा. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा किंवा जपानचा १०० व्होल्टचा नग स्वस्तात फिरत असतो. त्याला स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही दुप्पट व्हीएचा. शिवाय पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आपल्या ५० वर त्याचा गाभा जास्त भरतो आणि तापतो. जपानच्या नगावर ५०/६० असतं, तिथे अडचण व्होल्टेजचीच. १०० च्या नगाला १२० दिलं तर रेल २० टक्के वर.

बोर्डच्या खालच्या बाजूला मूळ सोल्डर आणि नंतरचं सोल्डर लगेच ओळखू येतं. नंतरच्याभोवती पिवळट-तपकिरी फ्लक्स साचलेला असतो. हीटसिंकजवळ दोन-तीन ठिकाणी तसं दिसलं तर आउटपुट ट्रान्झिस्टर बदललेत. बदलले हा गुन्हा नाही, पण कोणते घातले? सी ५२०० आणि ए १९४३ ही जोडी आपल्याकडे सर्रास, आणि बाजारात तिचा नकली मालही सर्रास. डाटाशीटवर तोशिबाचा १५० वॉट आहे, पण तो केस २५ डिग्रीला असताना. केस १०० डिग्रीला पोचली की उरतात ६० वॉट. नकलीत आतली सिलिकॉनची चकती लहान असते, त्याला तेही झेपत नाहीत. हलक्या आवाजात ठीक चालतो, लग्नाच्या घरात जोरात लावला की शॉर्ट. अ‍ॅसिटोनने अक्षरं पुसली गेली तर शंका घ्या. एकाच बाजूचे दोन ट्रान्झिस्टर वेगळ्या बॅचचे दिसले तर विचारा. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेतानाही "ओरिजिनल" शब्दावर विसंबू नका. अधिकृत वितरकाचं बिल हाच पुरावा.

ट्रान्झिस्टरखालची पांढरी पेस्ट वाळून भेगाळली असेल तर ती काढून नवी लावावी लागणार. अभ्रकाची चकती असेल तर दोन्ही बाजूंना, कागदाइतका पातळ थर. जाड थराने उष्णता अडते.

७०-८० च्या दशकातल्या जपानी नगांत मोठे कॅपॅसिटर चिकटवायला पिवळसर गोंद वापरलेला असतो. तो उष्णतेने तपकिरी होतो, हवेतला ओलावा ओढतो, आणि मग वीज वाहू लागतो व शेजारच्या रेझिस्टरचे पाय कुरतडतो. बांधणी कितीही राजेशाही असो, तो खरवडून काढल्याशिवाय तो नग चालू ठेवू नये.

प्रत्यक्ष गेल्यावर स्पीकर लगेच लावू नका. मीटर मिलिव्होल्ट डीसीवर ठेवून स्पीकर टर्मिनलवर मोजा, व्हॉल्यूम शून्य, दहा मिनिटं तापल्यावर. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर किंमत कमी करा. एक-दोन व्होल्ट दिसले तर उठा. आउटपुट शॉर्ट होऊन ४५ व्होल्टची अख्खी रेल ६ ओमच्या कॉइलवर आली तर साडेतीनशे वॉट्सच्या आसपास नुसती उष्णता. काही सेकंदांत कॉइल जळते. प्रोटेक्शन रिले आहे का आणि तो चालतो का, हे म्हणूनच विचारायचं. चालू केल्यावर ३-५ सेकंदांनी टक् आवाज यायला हवा. बंद केल्यावर तो लगेच सुटायला हवा.

मग अगदी हळू आवाजात गाणं लावा. एक चॅनल गायब होत असेल आणि आवाज वाढवला की परत येत असेल तर रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. तीनशे-चारशेचं काम आहे, भावात ओढायला उत्तम. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर पॉट साफ करावा लागेल, तोही कॉन्टॅक्ट क्लीनरने. डब्ल्यूडी-४० मारणाऱ्याच्या हातात नग देऊ नका.

डेसिबल

हे सगळं पटलं. पण लक्षात घ्या, जुनाबाजार यांच्या पोस्टमध्ये जाड फेसप्लेट, चांदीची वायर, ऑडिओ ग्रेड स्क्रू असलं काहीही आलेलं नाही.

जुनाबाजार

येणारही नाही. जाड प्लेटचा एकच उपयोग, कुरिअरवाल्याने आपटलं तर वाकत नाही.

ओहमकार

तसं पूर्ण नाही. १८ किलोत ट्रान्सफॉर्मर मोठा वाटा घेतो आणि तो कसा धरलाय हे बांधणीचंच अंग आहे. टोरॉइड मधल्या एका बोल्टवर असतो. वर-खाली रबरी चकती आणि वर बशीसारखी प्लेट. बोल्ट जास्त आवळला तर वाइंडिंगचं इन्सुलेशन दबतं. सैल राहिला तर सोलापूर-पुणे प्रवासात फिरतो आणि वायरी सोल्डरपासून तुटतात. आणखी एक: हा बोल्ट वर झाकणाला आणि खाली तळाला, दोन्हीकडे टेकला तर तो शॉर्ट झालेला एक वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर काही क्षणांत धुमसायला लागतो. झाकण आत दबलेलं असेल तर हे खास बघा.

मागचे आरसीए सॉकेट (सिग्नलच्या केबलचे) नुसते बोर्डवर सोल्डर केलेत की पत्र्याला नटने बसवलेत, हे हात लावून कळतं. बोर्डवरचे असतील तर प्रत्येक वेळी केबल ओढताना जोर सोल्डरवर येतो, काही वर्षांनी भोवती बारीक गोल भेग पडते आणि एक चॅनल येतो-जातो. लेड-फ्री सोल्डर २१७ डिग्रीच्या पुढे वितळतं आणि वितळूनही मळकटच दिसतं, त्यामुळे डोळ्यांनी ड्राय सोल्डर ओळखणं अवघड. लाकडी काडीने जॉइंट हलवून बघायचं.

हलगीवाला

सगळं बरोबर, पण दीड लाखाच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या स्पीकरच्या आत कोणी बघितलंय का? बांधणीचा आवाजाशी थेट संबंध तिथे आहे. बोटाने बाजूच्या फळीवर टकटक करा. पोकळ, लांब घुमला तर आत आडवी पट्टी नाही. १८ मिलिमीटर एमडीएफ आणि मध्ये एक ब्रेस असेल तर टकटक कोरडी येते. क्रॉसओव्हरमधला (बेस आणि ट्विटरमध्ये आवाज वाटणाऱ्या सर्किटमधला) बायपोलर इलेक्ट्रोलिटिक वीस वर्षांनी वाळून ट्विटरचा आवाज बदलतो. तिथे पॉलिप्रॉपिलीन घालता येतो, पण त्याचा ईएसआर कमी असल्याने ट्विटर थोडा तिखट होतो, मग मालिकेत अर्धा ओम घालावा लागतो. आणि फोमचा सराउंड (कोनाभोवतीची कडा) आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो, रबराचा टिकतो.

शेंगाचटणी

स्पीकर रबरवालेच आहेत :) आता मुद्द्यावर येतो. दोन्ही विकणाऱ्यांकडून फोटो आले.

१८ किलोवाला: रेल ४८, कॅपॅसिटर ६३ व्होल्ट, १०,००० चे चार, ८५ डिग्रीवाले. दोन कॅपॅसिटर हीटसिंकला जवळजवळ टेकलेत. हीटसिंक डब्याच्या आत, वर जाळी, खाली भोकं नाहीत. सॉकेट पत्र्याला नटने. सॉफ्ट-स्टार्ट रिले दिसतोय. विकणारा म्हणतो, "क्लास ए बायस वाढवलाय, म्हणून आवाज गोड."

५ किलोवाला: पॉवर सप्लाय आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळी मॉड्यूल, स्क्रूने बसवलेली, कनेक्टरने जोडलेली. सप्लायवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय. कॅपॅसिटर १०५ डिग्री. तळाच्या जाड अ‍ॅल्युमिनियम पट्टीला मॉड्यूल टेकवलंय. पंखा नाही. आरसीए बोर्डवरचे. सर्व्हिस मॅन्युअल कोणाचंच नाही.

ओहमकार

पहिल्याचा बायस (काही वाजत नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) कोणी वाढवला, कशासाठी? प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ०.२२ ओमचा रेझिस्टर असतो. त्यावर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. कंपनी साधारण त्याच्या आसपास कुठेतरी ठरवते. तो चौपट केला तर काहीही न वाजवता ट्रान्झिस्टरच्या एका जोडीमागे १९ वॉट उष्णता सतत. (४८ आणि ४८ मिळून ९६ व्होल्ट, गुणिले ०.२ अँपिअर.) दोन चॅनलच्या मिळून चार जोड्या असतील तर ७७ वॉट, बंद डब्यात, ८५ डिग्रीच्या कॅपॅसिटरना टेकून, खाली भोकं नसताना. ०.३ डिग्री प्रतिवॉटचा हीटसिंक घेतला तरी त्याचं तापमान खोलीपेक्षा २३ वर, आणि तेही हवा मोकळी खेळत असेल तर. खरा क्लास ए चालवायचा तर प्रत्येक बाजूला १०० वॉट उष्णता आणि ३० डिग्रीची चढ धरा. खोली २५ ला असेल तर हीटसिंक ५५, आपल्या ४० मध्ये ७०. त्याला डब्याबाहेरचा हीटसिंक आणि एसीची खोली हवी.

हा नग घ्यायचाच असेल तर बायस परत उतरवा, चारही कॅपॅसिटर १०५ चे घाला आणि तळाला भोकं पाडा. भोकं पाडताना बोर्ड काढून ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा एक कीस राहिला तरी पुरे. हे सगळं धरून त्याची किंमत २५-३० हजारांनी जास्त समजा.

डेसिबल

म्हणजे सुंदर फोटोवाला नापास आणि रिकामा डबा पास. मी वरती काय म्हणत होतो?

ओहमकार

तुम्ही म्हणत होता की झाकण उघडायची गरज नाही. झाकण उघडलं म्हणून तर हे कळलं.

पूर्वभाग

१००–२४० चा सप्लाय पूर्व भागात लाख मोलाचा. व्होल्टेज १८० ला दबलं तरी आतली रेल हलत नाही. पण सगळ्या क्लास डी नगांना हे लागू नाही. बऱ्याच ऑडिओ सप्लायवर फक्त २३० असतं किंवा ११५/२३० चा जंपर असतो, तिथे रेल साध्या ट्रान्सफॉर्मरसारखीच वरखाली होते. शिवाय स्टँडबायमध्ये सप्लाय चोवीस तास जागा असतो, कॅपॅसिटरचे तास तिथेही मोजले जातात. रात्री मागचा स्विच बंद करा. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की प्लगच काढा. एमओव्हीची (जादा व्होल्टेज शोषणारी) पट्टी जवळ पडलेल्या विजेपुढे टिकत नाही.

जुनाबाजार

दुसरा घ्या, पण मॉड्यूलचा नंबर आधी लिहून घ्या. त्या कंपनीचं मॉड्यूल सुटं मिळतं का आणि कितीला, हे बघूनच व्यवहार. अशा मॉड्यूलची दुरुस्ती सोलापुरात कोणी करणार नाही, एसएमडीचे (बोर्डवर बसवलेले बारीक) पार्ट आणि सर्किट गुप्त. अख्खं बदलायचं. सुटं मिळत असेल तर १५ मिनिटांचं काम, मिळत नसेल तर तो नग म्हणजे वापरून टाकायची वस्तू, आणि किंमतही तशीच द्या. आरसीए बोर्डवरचे आहेत तर केबल हलकी वापरा आणि मागे एका क्लिपने डब्याला अडकवा.

शेंगाचटणी

नंबर घेतला, मॉड्यूल सुटं मिळतंय. रविवारी बघायला जातोय. सिरीज बल्ब लावून चालू करू का? किती वॉटचा?

फेजन्यूट्रल

सिरीज बल्ब ट्रान्सफॉर्मरवाल्यासाठी. १०० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब फेजमध्ये मालिकेत, एलईडी चालत नाही. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर आत शॉर्ट. स्विचिंग सप्लायला हे नीट लागू पडत नाही. बल्बमुळे व्होल्टेज दबतं, सप्लाय जास्त करंट ओढतो, बल्ब आणखी पेटतो, सप्लाय बंद पडून परत चालू होतो. बल्ब लुकलुकत राहतो आणि चांगला नगही खराब वाटतो. तुमच्या नगाला थेट लाईट द्या, पण मागच्या फ्यूजचं रेटिंग पट्टीशी जुळतंय का ते आधी बघा.

बरोबर न्या: मीटर, फिलिप्स आणि टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, आणि २२० ओम १० वॉटचा रेझिस्टर, दोन इन्सुलेटेड क्लिपांसह. झाकण काढायचं तर प्लग काढून आधी मीटरने मोठ्या कॅपॅसिटरवरचं डीसी मोजा. ५० व्होल्टची रेल असेल तर हा रेझिस्टर १० ते १५ सेकंद लावला की ती उतरते, परत मोजा. मात्र स्विचिंग सप्लायच्या लाईटकडच्या (प्रायमरी) बाजूच्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट असतात. तिथे हा रेझिस्टर लावू नका, हातही नको. प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि ते झाकलेलंच राहू द्या.